घरातला समुद्र आणि माझं प्रेशर

...आणि वर मला सांगतात, दगड जिवंत आहे! आता मला सांगा, आयुष्यभर आपण दगडाला दगडच म्हणत आलो की नाही? ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही त्याला आपण काय म्हणतो? दगड! आणि इथे मी त्या दुकानात उभा, हातात बादली, बादलीत खाऱ्या पाण्यात बुडवलेला एक ओबडधोबड धोंडा, आणि तो अक्वेरियमवाला मला दम देतोय, "साहेब, जपून न्या हं, गाडीत हादरे बसू देऊ नका, जिवंत आहे तो!" घरी आलो, दारातूनच ओरडलो, अगं दार धर, हळू, हळू, जिवंत दगड आहे! बायकोनं शिलाई मशीनवरून मान वर केली, आधी बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून एक?"

आणि हे सगळं कशासाठी? तर मन शांत व्हावं म्हणून!

तुम्हाला सांगतो, मी साधा क्रेनवाला माणूस. उंच इमारत बांधताना बाजूला ती पिवळी क्रेन उभी असते ना, आभाळात हात लांब करून, तिच्या डोक्यावरच्या काचेच्या डबीत बसलेला जो ठिपका खालून दिसतो, तो मी. इतकी वर्षं काढली त्या डबीत, कधी डोकं दुखलं नाही. कारण खाली माझा सिग्नलवाला होता. हातवारे म्हणायचो आम्ही त्याला. वरून मला काय दिसतं? काही नाही! भिंतीमागे लोड, म्हणजे दोराला टांगलेला माल, गेला की मी आंधळा! तो खालून हात वर करणार, मी उचलणार, तो मूठ मिटणार, मी थांबणार. बास. मग तो रिटायर झाला आणि त्याच्या जागी आला एक आडदांड गडी, एका हातानं मला सिग्नल देतो आणि दुसऱ्या हातानं फोनवर बायकोला भाजी काय करायची ते सांगतो! आता तो हात हलवतोय तो मला, का "नको, भेंडी नको" म्हणून, हे मला वरून कसं कळायचं? सांगा ना!

तर चढलं प्रेशर. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला, फुस् फुस् केलं, काट्याकडे बघितलं, परत बांधला, परत बघितलं, आणि चष्मा काढला. डॉक्टरनं चष्मा काढला ना की समजायचं, आपलं काही खरं नाही. म्हणाल्या, "हे बघा, तुम्ही आता सुट्टीवर जायचं. गोळ्या देते. पुढच्या तपासणीपर्यंत हे खाली आलं तर ठीक, नाहीतर क्रेन बंद. स्टोअरमध्ये बसायचं, हातमोजे वाटायला." हातमोजे! मी! अहो, अख्ख्या शहराची गच्ची बघितलेला माणूस मी, आणि मी टेबलामागे बसून लोकांना विचारू, डावा पाहिजे का उजवा? माझा चेहरा बघून बाईंना दया आली असावी. त्यांच्या टेबलावर एक काचेचं भांडं, त्यात एक लठ्ठ गोल्डफिश, नुसता तोंड उघडतोय आणि मिटतोय. म्हणाल्या, "घरी मासे ठेवा. बघत बसा. मन शांत होतं."

बरं, मी काय करायला हवं होतं? एक भांडं आणायचं, एक मासा आणायचा, संपला विषय! पण नाही. मला मेहुणा आहे. मेहुणा म्हणजे असा की, त्याला एखादी गोष्ट माहीत नसली तर ती माहीत नाही हेसुद्धा त्याला माहीत नसतं. तो म्हणाला, "छ्या, दाजी! गोल्डफिश काय पोरंसोरं ठेवतात. तुम्ही समुद्र ठेवा! कोरल, रंगीत मासे, लाटा! ताईला विचारा, मी कधी चुकीचा सल्ला दिलाय?" ताईनं लगेच तोंड उघडलं होतं, पण तो तोपर्यंत मला घेऊन दुकानात पोचला.

आणि समुद्र म्हणजे काय, तुम्हाला वाटेल पाण्यात मीठ टाकलं की झालं. मलाही तेच वाटलं! नाही. घरातलं मीठ नाही चालत, वेगळं मीठ. नळाचं पाणी नाही चालत, गाळलेलं पाणी. ते ढवळा, तापवा, मग दुर्बिणीसारखी एक नळी असते, तिच्यात थेंब टाकून उजेडाकडे धरा आणि खारटपणा मोजा. जास्त झालं, पाणी घाला. कमी झालं, मीठ घाला. बायको म्हणाली, "आमटीत मीठ कमी पडलं तर कधी उठून घेतलंत का हो हातानं?" त्यात टाकी ठेवायची कुठे? पाणी, वाळू, दगड, सगळं धरून वजनाचा हिशेब माझा धंदाच. अख्ख्या घरात तो लोड पेलेल असं एकच टेबल, लोखंडी, बायकोचं कापड बेतायचं. ठेवली टाकी. तेव्हापासून ती पलंगावर कापड बेततेय आणि एका गिऱ्हाइकाच्या कुर्त्याबरोबर आमची चादरही कापली गेली. त्याचा ठपका कुणावर? समुद्रावर!

आणि एवढं करून मासे? मासे नाहीत! अक्वेरियमवाला म्हणतो, "घाई नको साहेब, पाणी पिकू द्या." पाणी पिकू द्या! आंबा आहे का तो? कित्येक आठवडे मी पाणी आणि दगडासमोर बसलोय. शेजारीपाजारी यायचे, "मासे आणले म्हणे?" मी म्हणायचो, येणार आहेत. ते टाकीकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, आणि निघताना बायकोला हळूच विचारायचे, "यांना बरं आहे ना आता?"

मग एकदाचं पाणी पिकलं. एक नारिंगी मासा आला, एक कोरल आलं, ते मिटून बसलं ते उघडायलाच तयार नाही. ठीक आहे. मी खुर्ची ओढली, बसलो, मोठा श्वास घेतला, म्हटलं आता व्हायचं शांत...

टक्!

तुम्हाला सांगतो, क्रेनवाल्याच्या कानाला टक् म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. लोड हवेत असतो, लोखंडी दोर ताणलेला असतो, आणि टक्! म्हणजे दोराची एक तार तुटली. मग दुसरी, मग तिसरी... म्हणून आमच्यात एकच शिकवण, टक् ऐकलं की विचार करायचा नाही, कुणाला विचारायचं नाही, लोड खाली! मी काचेला कान लावला. टक्! आरपार डोक्यात! म्हटलं, गेली काच. आता ही फुटणार, समुद्र घरात, तिथून जिन्यात, तिथून खालच्यांच्या पलंगावर! मी ओरडलो, लोड खाली!

बायको आतून म्हणाली, "काय खाली?" पण मी ऐकतोय कुठला? बादल्या भरल्या. टब भरला. पातेली भरली, परात भरली, कपडे धुवायच्या मशीनमध्ये चार तांबे गेले. जिवंत दगड कुठेच मावेना, तो कुकरमध्ये. नारिंगी मासा पाण्याच्या जगमध्ये. तेवढ्यात मेहुणा आला, घामाघूम, "दाजी, काय ऊन आहे हो," आणि उचलला की जग! तोंडाला लावणार एवढ्यात मासा आणि तो समोरासमोर! तो किंचाळला. माशाचं मला माहीत नाही, पण तोंड त्याचंही उघडंच होतं.

टाकी रिकामी. कोरडी ठणठणीत. मी काचेवरून बोट फिरवतोय, एक चीर नाही. घरात पाय ठेवायला जागा नाही, मीठच मीठ, बायको परातीसमोर कमरेवर हात ठेवून उभी, आणि एकदम सगळं शांत झालेलं असताना...

टक्!

स्वयंपाकघरातून. आम्ही तिघं तिकडे बघतोय. टक्! कुकरमधून! बायको म्हणाली, "शिट्ट्या मोजू का टक् मोजू?"

अक्वेरियमवाल्याला बोलावलं. त्यानं कुकरमध्ये डोकावून बघितलं आणि त्याला आनंदाचं भरतं आलं! "साहेब, नशीबवान आहात! दगडाच्या भोकात लपून फुकट आलीय!" कोण? तर कोळंबी! बोटाएवढी कोळंबी, तिची एक नांगी मोठी, ती अशी काही मिटते की गोळी झाडल्यासारखा आवाज! म्हणजे बोटाएवढ्या प्राण्यानं माझं घर रिकामं करवलं. मी म्हटलं, काढा तिला, आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, "काढता कशाला? तिला जोडीदार लागतो, म्हणून बेचैन आहे." मी बायकोकडे बघितलं, बायकोनं कुकरकडे.

टाकी परत भरली आणि आणला जोडीदार. छोटासा पट्टेरी मासा, डोळे हे एवढे बाहेर आलेले, कपाळावर काळजी. मला वाटलं, आता दोघं मिळून गोळीबार करतील. पण तुम्हाला सांगतो, त्यानंतर जे मी बघितलं ना... कोळंबी आंधळी हो, जवळजवळ आंधळीच. ती दिवसभर वाळूत बीळ खणते, दगड उचलून बाहेर टाकते, परत आत, परत बाहेर. आणि हा मासा बिळाच्या तोंडाशी उभा. कोळंबीची एक मिशी सतत त्याच्या शेपटीवर टेकलेली. काही धोका दिसला की हा शेपटी हलवतो, की ती आत! एक लोड उचलणारा, एक सिग्नल देणारा. मी बघतच राहिलो. हातवारे! अगदी हातवारे! मला त्याची इतकी आठवण आली म्हणून सांगू, खुर्चीत बसल्या बसल्या डोळे भरून आले, आणि बायको म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, मीठ उडालं.

पण गोम अशी, की त्यांना बघायचं तर आपण हलायचं नाही! मी पाय हलवला की शेपटी, दोघं आत. खोकलो की आत. कान खाजवला की आत! आणि मी म्हणजे कसा, बायको म्हणते झोपेतसुद्धा येरझारा घालतो. पण बसलो. दगडासारखा बसलो. सकाळी बसलो, दुपारी बसलो, श्वाससुद्धा जपून. तपासणीचा दिवस उगवला, मी गेलो, डोळ्यांपुढे हातमोजे. बाईंनी पट्टा बांधला, फुस् फुस्, काटा बघितला, परत बांधला, परत बघितला, आणि चष्मा... नाही काढला! "अहो, एकदम छान! बघा, मी म्हटलं नव्हतं? मासे बघून मन शांत होतं!" सही, शिक्का, क्रेन माझी! मी गोल्डफिशला नमस्कार केला आणि पळत सुटलो.

आणि तिथेच घोळ झाला. घरात शिरलो तोच नाचत! बायकोला गरगर फिरवली, मेहुण्याला मिठी मारली, टाकीसमोर जाऊन दोन्ही हात वर करून ओरडलो, हातवारे, जिंकलो रे! शेपटी हलली, दोघं आत. आणि तेव्हापासून बाहेर येईनात! मी समोर दिसलो की शेपटी! मी कामावरून आलो की शेपटी! दाराशी माझी चप्पल वाजली तरी शेपटी! पट्टेरी मासा खाईना, रोडावला, डोळे तर आणखीच बाहेर. अक्वेरियमवाला आला, त्यानं टाकीकडे बघितलं, मग कितीतरी वेळ माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "साहेब, टाकीत काही बिघाड नाही. त्याला टेन्शन आहे. त्याच्यासमोर सारखं काहीतरी हलतंय."

बायको उठली. माझी खुर्ची उचलली, तिथे तिची शिलाई मशीन मांडली. मशीनची घरघर चालते, पण त्याला ती चालते म्हणे! शांतपणे बाहेर येऊन तिच्याकडे बघत उभा असतो, खातो, सुधारलाय. नारिंगी मासा खूश, ते कोरलसुद्धा उघडलं म्हणे. म्हणे! कारण मी बघितलेलं नाही. मी कामावरून येतो, चप्पल जिन्यातच काढतो, भिंतीला धरून चवड्यांवर स्वयंपाकघरात जातो आणि फ्रिजकडे तोंड करून बसतो. घरात अख्खा समुद्र आहे, आणि मी फ्रिज बघतोय! जरा खुर्ची करकरली की बाहेरून बायको, "अहो, हलू नका, तो बघतोय!"

आणि हे सगळं कशासाठी? तर मन शांत व्हावं म्हणून... माशाचं!