छोटी कोळीण

पालघर-बोईसर एसटीत दातिवऱ्याची हंसा सुक्या बोंबलांची टोपली पायाशी घेऊन बसली होती. पुढच्या सीटवर दोन नटलेल्या बाया.

"सोसायटीच्या गणपतीत आमच्या रिद्धीचा पहिला नंबर! 'छोटी कोळीण' झाली होती."

"अय्या! टोपलीत काय ठेवलंस?"

"थर्माकोलचे पापलेट. वर चमकी."

"आणखी कोण होतं?"

"आमच्या मासेवालीची नात. खरे बोंबील घेऊन आली! परीक्षकांनी नाकाला रुमालच लावले."

"शी! आणि नेसली काय होती?"

"साधा फ्रॉक गं. कोळीण वाटतच नव्हती."

बोलता बोलता रिद्धीची आई मागे वळली.

"मावशी, टोपली मागे घ्या ना. साडीला वास लागतो."

हंसानं टोपली पायानं आणखी पुढं सारली.

"लागू दे ना, बाय. पुढच्या वर्षी पोरीच्या कामाला येल."