हनुवटीखालची पट्टी

कुठी आलं चित्र? नाई आलं अजून — मंग फिरव अजून खिडकीबाहेरची ती टीव्हीची छत्री, हर्षल, दुपारी दोनले लागते ते शिरेल. मले काई त्याचं येड नाई, हाव, गैरसमज करून घेऊ नको. लढाईतला दवाखाना म्हणे! इंग्रजाच्या काळातली लढाई, तंबूत शंभर शिपाई कण्हून राह्यले, अन् त्या सिस्टरच्या टोपीची इस्त्री मोडत नाई. ओठाले लाली, नखं हे एवढाले — अशा नखानं जखम धुते कोनी? पट्टी बांधते तं अशी सैल, की शिपाई कुशीवर वळला तं पट्टी खाटेवरच राहीन. छत्तीस वर्सं सरकारी दवाखान्यात सिस्टर होती मी, मले शिकवते हे बाई! — मंग पाह्यता कायले? तोंडावर दिसून राह्यलं तुह्या.

अरे, काल तो कप्तान मरून राह्यला होता, तिनं त्याचा हात धरला, अन् नेमकी तवाच तुही छत्री गेली. आता पुढं काय करन ती? रडन. रडनच! छातीवर डोकं ठेवन. अरे, मानूस गेला की आधी डोये मिटाचे, मंग हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ माराची, पायाचे आंगठे बांधाचे — रडाचं ते मंग. एकदा आंग ताठलं की तोंड मिटत नाई, मंग कोनीबी येवो. किती जनायच्या बांधल्या म्या! गावच्या पंजाबराव पाटलाची बांधली, लेकरायच्याबी बांधल्या. अन् आमच्या घरचे गेले तं — ते स्टूल धर, पडशीन — इथंच गेले, या खाटेवर, दुपारी. पट्टी त्या कपाटात होती, चार पावलावर. म्या हात धरला अन् बसून राह्यली. सून माही, पूनम, शाळेतून शिकवून आली तवा पाच वाजले होते. तोंड तसंच उघडं. साऱ्या धामणगावानं पाह्यलं, सिस्टरच्या नवऱ्याचं तोंड. कोनी एका शब्दानं बोललं नाई — बोलले असते तं बरं झालं असतं. लाज वाटते मले, अजून वाटते.

आलं! हालू नको, राहू दे तशीच. हे पाह्य, गेला कप्तान. रडून राह्यली, पाह्य — म्हटलं नव्हतं? कायची सिस्टर हे! नुसतं नाटक... उठ न व. टेबलावरच आहे पट्टी. रडशीन मंग, माय, आधी बांध... बांध न...

तू काऊन उभा आहे अजून? झालं न काम? जा.