डेल्फिनाची फळी

लोरेदाना : निवेसच्या सपाता कुठे आहेत, आई? आणि तिचा रंगांचा डबा? घेते आणि निघते.

डेल्फिना : राहू दे की सपाता. लेकरू आलं की अनवाणी हिंडेल का घरात?

लोरेदाना : ती येणार नाही. रविवारचं जेवण आता आमच्याकडे. एत्तोरे बोलला ना तुमच्याशी?

डेल्फिना : बोलला. पोटचा पोरगा, पण परक्यासारखा बोलला.

लोरेदाना : मग काय करायचं त्यानं? एवढीशी पोर, ओठ सुजलेले, श्वास घेता येईना. तिच्या मांडीत औषधाची सुई त्यालाच टोचावी लागली. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी आहे तेच, अंडंच पोटात गेलंय.

डेल्फिना : मी अंडं घातलं नव्हतं गं.

लोरेदाना : पुन्हा तेच नको, आई.

डेल्फिना : एत्तोरेच्या बाबांची शपथ. रवा आणि पाणी, बस. तुमच्याकडे दक्षिणेत, पुलियात करतात तसा पास्ता. तू लग्न होऊन आलीस तेव्हा हसले होते मी त्या पास्त्याला.

लोरेदाना : गरिबाचं खाणं म्हणाला होतात. सगळ्यांसमोर.

डेल्फिना : म्हणाले होते. आणि नातीसाठी तोच करत बसले, अंगठ्यानं एकेक दाबत. अंगठा भरून आला होता.

लोरेदाना : खरं सांगू? मला वाटलं, थोड्यानं काय होतंय म्हणून तुम्ही हळूच एखादं फोडलं असेल. बिनअंड्याचा तुम्हाला पास्ताच वाटत नाही ना.

डेल्फिना : इतके दिवस हे मनात धरून होतीस?

लोरेदाना : हो.

डेल्फिना : विचारायचंस तरी. मी झुरत होते इथे.

लोरेदाना : आता विचारते. रवा कुठला होता?

डेल्फिना : तूच दिलेली पिशवी. नवी फोडली.

लोरेदाना : पातेलं? झारा?

डेल्फिना : वेगळे. तू बजावलं होतंस ते एकूण एक केलं. नखंसुद्धा कापली.

लोरेदाना : आणि मळला कशावर?

डेल्फिना : कशावर म्हणजे? फळीवर.

लोरेदाना : ह्या? रोज अंड्याचा करता त्याच?

डेल्फिना : चांगली खरवडून घेतली होती की.

लोरेदाना : धुतली होती?

डेल्फिना : फळी कुणी धुतं का? पाणी लागलं की लाकूड वाकतं. माझ्या आईनं धुतली नाही, तिच्या आईनं नाही. खरवडायची, फडक्यानं पुसायची, दाराआड उभी करायची.

(लोरेदाना फळीवरून बोट फिरवते.)

डेल्फिना : ह्यातच होतं का गं ते?

लोरेदाना : मुरलं असणार लाकडात. इतक्या वर्षांचं.

डेल्फिना : म्हणजे माझ्याच हातानं दिलं मी तिला.

लोरेदाना : मीही फळीचं बोलले नाही, आई. आमच्याकडे फळीला अंडं लागतच नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही.

डेल्फिना : पोर काय म्हणते?

लोरेदाना : जाऊ द्या.

डेल्फिना : सांग.

लोरेदाना : आजीचा पास्ता मला चावला, म्हणते.

डेल्फिना : बरोबर आहे तिचं.

लोरेदाना : आई, रडू नका.

डेल्फिना : त्या कपाटात पाकीट आहे बघ.

लोरेदाना : विकतचा पास्ता? तुम्ही आणलात?

डेल्फिना : उभ्या जन्मात पहिल्यांदा. शेजारच्या आर्जियानं बघितलं दुकानात. टोमणा मारला असता तरी चाललं असतं, पण ती नजर चुकवून निघून गेली. पहिलं पाकीट परत ठेवलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे, अंड्याचे अंश असू शकतात. दुकानातल्या मुलीनं वाचून दाखवलं. हे तू वाच.

लोरेदाना : गव्हाचा रवा, पाणी. अंड्याचं कुठे नाव नाही. तरी मी कंपनीला फोन करून विचारते, कारखान्यात अंड्याचाही करतात का ते. आणि लगेच नाही आणणार मी तिला. ती घाबरलीय, मीही.

डेल्फिना : लगेच नकोच. फळी मी बहिणीकडे पोचवते तोवर. ओटा, टेबल, सगळं धुऊन काढते.

लोरेदाना : पातेलं मी घरून आणेन.

डेल्फिना : आण. मी त्या खुर्चीत बसून राहीन.

लोरेदाना : सपाता असू देत इथेच.

डेल्फिना : बरं. पण पाकीट तूच फोड हं. माझा हात नको लागायला.