इंजनाची तहान

न्हाई न्हाई, गोजरबाई, बसा की. पाटी ठिवा खाली. गाडीला येळ हाय अजून — वांबोरीसुदिक सोडली नसंल तिनं. मी? मी आज सायकलवर आलो, नगरावनं घाट उतरून. व्हय, डायव्हर आन सायकलवर! हसा, हसा. गाडीवर आज दुसरा डायव्हर हाय, माझी पाठ धरलीय. म्हंजे — धरलीय असं शेडमदी सांगितलंय. ते ऱ्हाऊ द्या. तुमाला एक सांगायचं हुतं, म्हनून आलो. सांगतो. जरा घाम पुसू द्या.

ही पान्याची टाकी इथं का बांधली, ठाव हाय? तुमाला वाटतं गाडी तुमच्यासाठी थांबती. न्हाई ओ, तुमच्यासाठी ती कवाच थांबली न्हाई! माझा बाप याच गाडीवर फायरमन हुता, तवाचं इंजान लई बारकं — धुराडं उंच आन बॉयलर हा एवढासा. इथवर यिऊस्तवर धाप लागायची त्याला, आन म्होरं तर घाट. मग इथं थांबायचं, पानी पाजायचं, भट्टी फुलवायची, वाफ धरायची, मगच चढ घ्यायचा. त्याच्यामागनं आलं ते माझं, काळुंद्री. नाव मीच ठिवलेलं. ती बी तसलीच तहानलेली. आता इंजान पानी पितंय तवर तुमी बाया भाजीच्या पाट्या घिऊन नगरच्या बाजाराला जायला चढायला लागल्या. गार्ड काय म्हननार? गाडी तर हुबीच हाय. हितं ना फलाट, ना टेशन, पन सगळ्या वांबोरीकडच्या बाया म्हनायला लागल्या, टाकीवर गाडी धरायची. आन तुमी रोज एक वांगं वर द्यायच्या इंजनात. फावडं धुवायचं, त्यावर वांगं ठिवून भट्टीच्या तोंडाशी धरायचं — घाट चढून विळद येस्तवर भरीत तयार. तसलं भरीत माझ्या बायकूला बी जमलं न्हाई. तिला सांगू नका बरं का.

बघा, काय सांगायला आलो आन काय सांगतोय.

तर ते नवं इंजान आलं न्हाई का — अमेरिकेचं, लढाईसाठी मागवलेलं. लढाई सपली, मग आमच्या वाट्याला आलं. काय जनावर हाय, बाई! पानी प्यालं मनमाडला की थेट नगर. पैल्यांदा रिकामे डबे लावून नेलं, चाचनी म्हनून, सायब माझ्याशेजारी हुबा. टाकी जवळ आली तसा सवयीनं माझा हात ब्रेकवर गेला. सायब म्हनला, सहादेव, हितं थांबावं लागंल का? आन माझी छाती फुगली ओ. इतकी वर्सं काळुंद्रीच्या हातापाया पडत घाट चढवला, आन आज हाताखाली असलं इंजान! म्हनलं, काय गरज न्हाई सायब, एका दमात वर नेतो. आन नेलं! विळदला सायबानं पाठ थोपटली, आन घरी येऊन मी केडगावात घरोघर सांगत सुटलो, पेढे वाटायचे तेवढे बाकी. त्या दिवशी तुमी हितंच हुब्या हुत्या, पाटी घिऊन, हात वर करून. बघितलं की मी. म्हनलं, चाचनीची गाडी हाय, उद्या थांबू.

न्हाई, आता काळुंद्री न्हाई यायची. मोडीत गेली ती. तुमाला कसं कळत न्हाई, गोजरबाई — इंजनाला तहान न्हाई, मग टाकी कशाला? आन टाकी न्हाई, तर थांबा कशाला? आजपास्नं नवं टायमटेबल हाय. गाडी हितं थांबनार न्हाई.

नका बघू असं. सायबाची चूक न्हाई — त्यानं इंजनाचं इचारलं, मी इंजनाचं सांगितलं. हितं मान्सं चढत्यात सायब, एवढं म्हनायला काय झालं हुतं मला? भ्यालो असं बी न्हाई. आठवलंच न्हाई ओ. रोज तुमच्या हातचं खाल्लं, आन त्या टायमाला तुमी आठवल्याच न्हाई मला. आन दिसल्या तवा तोंड उघडायची लाज वाटली. मालक गेल्यापास्नं तुमचं घर या पाटीवर चाललंय, मला ठाव न्हाई व्हय? सडकेनं चालत जायाचं तर नगरात पोचंस्तवर बाजार उठनार, मेथी मान टाकनार. सगळं ठाव हाय. आज पाळी माझीच हुती, गोजरबाई. पाठ धडधाकट हाय. पन तुमी हात वर केलेला असताना तुमच्या म्होरनं गाडी हाकायची — न्हाई झालं माझ्यानं. म्हनून दुसऱ्याला दिली.

थांबा. ऐकू आली? लांब शिट्टी दिली त्यानं. म्हंजे थेट जानार. म्या सांगितलं हुतं त्याला, जरा थांबीव आजचा दिवस. तो म्हनला, हुकूम हाय. बरूबर हाय त्याचं बी — गोजरबाई, पाटी उचलू नका. ऐका माझं. हात खाली घ्या, न्हाई थांबायची ती. अहो मागं सरा! रुळाजवळ नका जाऊ — मागं, बाई, मागं!

गेली.

डोळ्यात कोळसा गेला का? बसा जरा. शिव्या द्या, त्या बी घेतो. द्या ती पाटी हिकडं, सायकलला बांधतो, ढकलत नेतो घाटावर, तुमी मागनं सावकाश या — न्हाई? बरं, उद्याचं मी बोलतो सायबाशी. बोलतो म्हंजे... बघतो.

हे काय? वांगं कशाला काढलं? आज मी इंजनावर न्हाई, बाई. नका ठिवू सायकलच्या सीटवर. अहो, निघाल्या कुठं? घाटाकडं? डोक्यावर एवढी पाटी घिऊन, ह्या उन्हात? गोजरबाई! वांगं तरी माघारी घ्या. गोजरबाई —