म्या डोळा मारलाच न्हाई!

आवं, म्या डोळा मारलाच न्हाई! गावानं नुसती आवई उठवली, आता तुमी तरी ऐका. दहिवडीला येसूला बघायला गेलो, फुड्यात पव्हं, समोर पाट, पाटावर ती... आन् मला दिसतंय काय? नुसतं धुकाट! नाकाला दुसरं नाक, कुकवाला शेपूट! आवाज तेवढा आला, "च्या घ्या." लय ग्वाड आवाज वो... तुमास्नी सांगतो, तिथंच मी खल्लास! म्हटलं, कृष्णात, जल्माची गाठ हाय, एकदा तोंड तरी नीट बघून घे. मान कलती केली, उजवा डोळा मिटला. तसं केलं की मला जरा बरं दिसायचं, ल्हानपणापासनं सवय!

तर तिचा बा, नाथाजी, ताडकन् उठला. "भर बैठकीत डोळा मारतोस व्हय रं, टोणग्या?" मी म्हणतोय, "आबा, दिसत न्हाई वो नीट..." झालं! दिसतंय म्हणावं तर पोरगं चावट, दिसत न्हाई म्हणावं तर आंधळं! मोडलं की लगीन. आन् म्या डोळा मारलाच न्हाई!

पुढं चुलत्यानं सांगलीला डोळ्याच्या डॉक्टराकडं नेलं. त्यानं गाडीच्या चाकागत आऱ्यांचं चित्र दाखवलं. उभं आरं ठसठशीत, आडवं पार पुसट! डॉक्टर म्हणतो, "बुबुळ कसं चेंडूसारखं गोल पाहिजे, तुझं अंड्यासारखं आहे. उजेड एका जागी गोळाच होत नाही. चष्मा लाव, दिसेल सगळं." दिसंल! काय दिसंल? तवर येसू दुसऱ्याच्या घरी नांदाय गेली हुती. खोटं कशाला बोलू, रडलो मी. नवी काच पहिल्याच दिशी भिजली.

वर्साभरानं कराडच्या स्टँडवर मागनं आवाज आला, "पिशवी धरा की." त्योच आवाज! वळलो. चष्म्यातनं तिला पहिल्यांदा बघितली... हनुवटीवरचा गोंदणाचा ठिपका सुदिक लख्ख. काय सांगू, काळीजच तुटलं. आन् तिनं माझ्याकडं बघून मान कलती केली... आन् एक डोळा मिटला! आवं, म्हंजे त्या दिशी तिलाबी मी दिसलोच नव्हतो?

तेवढ्यात नवरा खेकसला, "कुणाला डोळा मारतीस गं?" तिचं तोंड एवढंसं झालं. आता मी गप बसावं? न्हाई बसवलं. हात जोडलं, म्हटलं, "पावनं, वैनींनी डोळा मारला न्हाई. बुबुळाचा दोष असतोय त्यो. सांगलीला न्या, चष्मा लागंल." वैनी म्हणालो वो मी... येसूला!

नेलं बरं का त्यानं. आता बाजारात तिला मी लांबनंच वळखू येतो. वळखलं की पदर सावरती, दुसरीकडं बघती. आन् मी? मी चष्मा काढून खिशात घालतो.