आधी सांगितलेलं बरं

...बसा हो ताई, निवांत विचारा. मुलाकडचे लोक शेजारीपाजारी चौकशी करतातच – भाचीच्या वेळी आम्हीही बाळकुमला अख्खी आळी पालथी घातलेली. सगुणा ना? गुणाची पोर. भिंतीला भिंत आमची, ती शिंकली तरी मला कळतं. ठाण्याला काँप्युटरवर प्रोग्राम लिहिते. मला काय कळतंय त्यातलं, सातवी शिकलेली मी – पण तिने समजावलं हो. एका भाषेत म्हणे आधीच सांगून ठेवायचं, या जागी आकडाच येणार, त्या जागी अक्षरंच. प्रोग्रामात भलतंच घातलंत, तर मशीन तो सुरूच करू देत नाही. दुसरी भाषा मोकळी – कुठेही काहीही घाला, काम झटपट होतं, पण चूक कळायची ती चालता चालता. हिचा जीव पहिलीवर. साहेब म्हणाला, एवढा वेळ कुणाला आहे, मोकळीतच लिही. लिहिलं बिचारीने.

रक्तपेढीचं काम होतं. बरेच दिवस सुरळीत चाललं, आणि एकदा आकड्याच्या जागी अक्षरं गेली. मशीनने मुकाट घेतली – आणि ऐन वेळी, बाळंतिणीचा नवरा दारात उभा, तेव्हाच अडून बसलं. माणसांनी हाताने बाटल्या शोधल्या. वाचली हो बाई, वाचली, असं तोंड करू नका. पण खापर हिच्यावर, साहेब नामानिराळा. तेव्हापासून पोरीचं जेवणावरसुद्धा लक्ष नाही.

नोकरीवरून काढलं? छे, कोण काढतंय तिला – हिनेच सोडली. म्हणजे... सोडली असंही नाही, रोज डबा घेऊन निघते की. विमलाबाई, तिची आई, दारातून हात करते. पुढून निघते आणि मागच्या दाराने माझ्याकडे येते – आता बोललेच आहे तर ऐका – दिवसभर आतल्या खोलीत बसून असते. आईबापाला पत्ता नाही. मीच म्हटलं तिला, लग्न होऊन जाऊ दे, मग कळेल हळूहळू, कोण विचारतंय. तर म्हणते, "काकू, मग तेही चालता चालताच अडेल ना? मी मुलाला आधीच सांगणार."

तरी तुम्ही आलात, तर तुम्हालाही नोकरी आहे म्हणूनच सांगणार होते. देवाशप्पथ.

अगं... तू कशाला बाहेर आलीस? ऐकलंस सगळं? रडू नको. या ताई मुलाच्या मावशी.

बस इथे. काय ते तूच सांग त्यांना. मी आत जाते.