एकाच कोटातली माणसं

देवकी : सतरा नंबराला चार? दहापैकी चार? सगुणबाब, चष्मा घरी राहिला की काय?

सगुण : चष्मा नाकावर आहे. चारसुद्धा जास्तच झाले. मोबाइलवर काढलाय तो, दिसत नाही तुम्हाला?

देवकी : मग? मोबाइल चालतो. वाचनालयाने स्पर्धाच हौशी लोकांसाठी ठेवलीय. विषय दिलाय ‘ओळी आणि पुनरावृत्ती’. एकसष्ट फोटो आले, त्यातल्या तिसांत पोफळीची बाग! खाली उताणं पडून वर बघायचं, झालं. कुणी जिने काढले, कुणी मिरच्या. जांभया देऊन देऊन माझा जबडा दुखायला लागला. आणि मग हा सतरा. चहाचा कप तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला मी.

सगुण : ओळी सरळ नाहीत.

देवकी : अहो, ओळी सोडा, चित्र बघा. बांबूची चटई. तिच्यावर दीडशे तरी पासपोर्ट फोटो, सांडगे वाळत घालावेत तसे ओळीनं मांडलेले. दीडशे वेगळी माणसं, आणि सगळ्यांच्या अंगात तोच एक काळा कोट. कुणाला आखूड, कुणाला ढगळ. वरून खिडकीच्या गजांची सावली. शाळेत एकतीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं मी, पण असं काही कुणी पुढ्यात आणून ठेवलं नाही.

सगुण : मधे एक घर रिकामं राहिलंय. मांडायला चुकलाय माणूस.

देवकी : तिथंच तर नजर अडते! तुम्हाला झालंय तरी काय आज?

सगुण : तो कोट माझा आहे.

देवकी : काय?

सगुण : कोट. माझा. माझ्या लग्नातला. माझ्या फोटो स्टुडिओत खिळ्याला टांगलेला असतो. ट्रकवाले खाणीवरून थेट यायचे, अंगभर तांबडी माती. फॉर्मला फोटो पाहिजे, शर्ट धड नाही. मी म्हणायचो, घाल रे कोट. एका शीटवर आठ फोटो. सहा गिऱ्हाइकाला, दोन डब्यात ठेवायचे, पुन्हा मागायला आला तर. असे पंचवीस वर्षांचे डबे. यंदा ओल लागली म्हणून सोप्यावर वाळत घातले होते.

देवकी : म्हणजे हा फोटो...

सगुण : शांतानं काढलाय. माझ्या बायकोनं! सोपा माझा, जनेल माझं, कोट माझा. आणि बाई, चटईवरचा एकूण एक चेहरा मी टिपलेला! तिनं काय केलं? मांडले आणि बटण दाबलं.

देवकी : तुम्ही दीडशे काढलेत. तिनं एक काढला.

सगुण : टोचा. टोचून घ्या.

देवकी : टोचत नाही हो, विचारते. पंचवीस वर्षं ते डबे तुमच्या हाताशी होते. कधी मांडून बघावेसे वाटले?

सगुण : ते जाऊ द्या. सातवा नियम वाचा. परीक्षकाच्या घरच्यांना भाग घेता येत नाही. मी नुसतं तोंड उघडायचा अवकाश, सतरा नंबर बाद.

देवकी : तुम्ही परीक्षक झालात आज सकाळी. वास्कोच्या पाहुण्या परीक्षकांना आयत्या वेळी जमेना, म्हणून तुम्हाला धावत बोलावलं. तिनं फोटो दिलाय आठ दिवसांपूर्वी.

सगुण : नियम तो नियम.

देवकी : हा नियम बोलतोय, की तुमच्या पोटात दुखतंय?

सगुण : पोटातच दुखतंय! बास? आधी फोटो बघितला तेव्हा वाटलं, हा कोण पोर आहे त्याला शोधून काढू, पाठ थोपटू. मग कोट ओळखला. आणि त्यानंतर जे वाटलं ना बाई, ते नवऱ्याला वाटू नये. मी फोटो काढायचे आणि तिनं कटरनं कापायचे, असं चाललं होतं आमचं. बरं चाललं होतं.

देवकी : थांबा. फोन लावते तिला.

सगुण : नको. अहो, नको म्हणतो ना!

(देवकीबाईंनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. सगुणने खुर्ची मागे ओढली, पण उठला नाही.)

शांता : हां, बाई, बोला.

देवकी : शांता, तुझा फोटो माझ्यासमोर आहे. आणि शेजारी परीक्षक म्हणून तुझे यजमान बसलेत.

शांता : देवा! ते? मग काढून टाका बाई माजो फोटो. उगाच घरात कटकट नको.

सगुण : माका सांगूक काय झाला होता गो? एका घरात रवतो आपण!

शांता : सांगला की तुमी मोबाइल काढून घेणार. "असो नाय, असो धर." मगे तो तुमचो फोटो होणार.

सगुण : आणि ती मधली जागा? चुकलंस ना थंय?

शांता : चुकूक नाय. ती जागा महादेवाची. ट्रकवालो महादेव, इब्रामपूरचो, आमच्या गावचो. तो गेलो, तेवा त्येची बायल रुक्मिणी स्टुडिओत इली होती. घरात त्येचो एकय फोटो नाय होतो. डब्यातले दोनय तिका दिले.

सगुण : ह्या माका सांगूक नाय.

शांता : तुमी इचारूक नाय.

देवकी : सगुणबाब, आता काय ते ठरवा. नियमानं एकतर तिचा फोटो जाईल, नाहीतर तुम्ही.

सगुण : द्या इकडे तो कागद.

देवकी : काय करताय?

सगुण : माझं नाव खोडतोय. माझे मार्क सगळे रद्द. तुमचे लिहून झालेत ना?

देवकी : कधीच. नाव कळायच्या आधीच.

सगुण : मग तेच खरे धरा. आणि बाई, मनाचा मोठेपणा वगैरे काही समजू नका. इथं बसून राहिलो तर मी तिला चारच देणार. हात वर जातच नाही माझा.

शांता : चार? धापैकी चार?

देवकी : अगं, मी दिलेत तुला...

शांता : नको बाई, तुमचे सांगू नकात, निकाल लागांदे. माका ह्येंचा आयकाचा आसा. कसो आसा हो फोटो?

सगुण : बरो आसा.

शांता : बरो तर तुमी सगळ्या गिऱ्हायकांक म्हणतास.

सगुण : ओळी वाकड्या आसत.

शांता : ता माका दिसता. आणि?

सगुण : आणि काय आणि! जीव जळता माजो. सकाळपासून जळता. पुरो?

शांता : पुरो. आता पटला माका, फोटो चांगलो इलो म्हणान.